सीझनच्या आधी इंग्लिशचा क्लास घ्यायचाय, मालवण साइडला?

दिवाळीनंतर टुरिस्ट यायला लागले की इकडे कोणालाच शिकायला टाइम नसतो, म्हणजे होडीवाले, स्कुबावाली पोरं, होमस्टेच्या काकी यांचा क्लास पावसातच. पण पावसात कधी ते बघा. जूनमध्ये चालू कराल तर लावणीला सगळे शेतात, आणि गणपतीत तर विचारूच नका, आरती-भजन सोडून कोण येतंय! मी लावणी उरकली की तीन-चार आठवडे धरतो, राहिलेलं गणपती गेल्यावर.

चित्रांची कार्डं लॅमिनेट करूनच आणा, कागदाला बुरशी येते. ऑडिओ आधीच डाउनलोड करा, आणि पत्र्याच्या शेडमध्ये बसणार असाल तर ऑडिओ विसराच, पाऊस लागला की ऐकू येणार डोंबल.

पुस्तक नको. होडीवाला ए फॉर ॲपल घेऊन काय करणार? त्यापेक्षा चार दिवस जेटीवर आणि होमस्टेत फिरून विचारा, गेल्या सीझनला गिऱ्हाईक काय बोललं नि तुम्ही कुठे अडलात, तोच सिलॅबस. मला 'हॉट' असाच मिळाला. पाहुण्याने विचारलं फिश हॉट आहे का, काकी म्हणाली येस येस व्हेरी हॉट, तव्यावरनं आत्ताच काढलेलं ना, आणि त्याने ताटच बाजूला सारलं. तेव्हापासून तिखटाला स्पायसी हे पहिल्या दिवशी. मग मासे. बांगडा मॅकरल, सुरमई किंगफिश, आणि बॉम्बे डक म्हणजे बदक नाही, बोंबील, हे पाहुण्याला सांगता यायला हवं.

वेळ शिकवायला घड्याळ नको, तिथी घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, हा हिशोब जुन्या माणसांच्या तोंडावर असतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हाय टाइड ॲट थ्री, हाय टाइड ॲट सिक्स. इथे ते मास्तर होतात आणि आपण पोर, त्यामुळे लाज आपोआप जाते (सासू-सून मात्र एका बॅचला बसवू नका, दोघीही तोंड उघडत नाहीत).

चुका काढत बसू नका. 'यू वॉन्ट टी?' म्हणाले तर म्हणू दे, चहा मिळतोच. फक्त 'सिट डाऊन', 'होल्ड टाइट', 'डोन्ट स्विम हियर' एवढं वाऱ्यात ओरडून ऐकू जाईल असं घोटून घ्या, शेवटच्या आठवड्यात जेटीवर उभं करूनच.