पिशवीतलं रोप का मरतं? मातीच्या या चुका टाळा

तापीकाठची काळी माती केळीला, कापसाला उत्तम. पण तीच नुसती पिशवीत भरली की रोपाचा घात करते. ओली झाली की फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. मे महिन्यात सुकली की आकसते, पिशवीच्या कडेपासून सुटते. मग वरून दिलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. रोज पाणी देऊनही रोप सुकत असेल, तर एक पिशवी फाडून बघा. बहुतेक वेळा हेच दिसेल.

अशा मातीत १ भाग काळी माती, २ भाग नदीची जाड वाळू आणि १ भाग कुजलेलं शेणखत घ्या. वाळूत काटकसर करू नका. ती कमी पडली तर मिश्रण विटेसारखं घट्ट बसतं. सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड माती असेल तर वाळू लागत नाही, उलट ओल धरायला थोडा गाळ घालावा लागतो. ओलं मिश्रण मुठीत दाबा: गोळा व्हायला हवा, पण बोट लावताच फुटायला हवा.

शेणखत अर्धकच्चं असेल तर पिशवीत तापतं आणि सोबत हुमणी येते. ही वाकडी, पांढरी अळी मुळं कुरतडते. रोप ओढलं की अलगद हातात येतं. खत पूर्ण कुजलेलं, काळपट, वास नसलेलंच घ्या आणि चाळून वापरा.

मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालणार असाल तर ते दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा, त्यात क्षार असतात. प्रमाण मिश्रणाच्या पाव भागाच्या वर नको. त्यात अन्नद्रव्यं नाहीत, आणि एकदा खडखडीत वाळलं की ते पुन्हा लवकर भिजत नाही.

कोवळं रोप मातीलगत काळं पडून आडवं झालं, तर ती जादा ओलीतली बुरशी. संध्याकाळचं पाणी बंद करा, सकाळी द्या.

अंजन या रानातल्या झाडाच्या रोपाबाबतची चूक मात्र सगळ्यात महागात पडते. त्याचं सोटमूळ शेंडा वाढायच्या आधीच खोल जातं. ५×८ इंची पिशवीत ते तळाशी गुंडाळतं, आणि असं रोप माळावर लावल्यावर नीट धरत नाही. किमान १०-१२ इंच उंच पिशवी घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा. दर महिन्याला पिशव्या जागेवरून हलवा. जमिनीत शिरलेलं मूळ कात्रीने कापा आणि रोपं दोन-तीन दिवस सावलीत ठेवा.

आणि मोह, कडुनिंबाचं बी साठवू नका. ते ताजंच पेरावं लागतं. शिळं बी कोणत्याही मातीत नीट उगवत नाही.