लेझर डॅमेज टेस्टिंग : कोटिंगला दोष देण्याआधी या चुका टाळा

आरशावरच्या किंवा लेन्सवरच्या एकाच कोटिंगचा डॅमेज थ्रेशोल्ड (लेझरच्या ज्या माऱ्यापासून ते खराब व्हायला लागतं तो आकडा) दोन लॅबमध्ये दुप्पट-तिप्पट वेगळा निघाला, की खापर कोटिंगवाल्यावर फुटतं. बहुतेकदा घोळ मोजणीत असतो, आणि त्यातही स्पॉटच्या, म्हणजे लेझरच्या ठिपक्याच्या, व्यासात. फ्लुएन्स (दर चौरस सेंटिमीटरवर पडणारी ऊर्जा) काढताना व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे तिथली छोटी चूकही महागात पडते.

समजा, १० मिलिज्यूलची पल्स आहे आणि तीव्रता मध्यावरच्या सुमारे १३.५ टक्क्यांवर उतरते तिथपर्यंत मोजलेली त्रिज्या ०.५ मिमी. ऊर्जेला क्षेत्रफळाने भागलं की चौरस सेंटिमीटरला १.२७ ज्यूल येतात. पण गॉसियन (मध्यावर प्रखर, कडेकडे फिकट होत जाणाऱ्या) बीमच्या मध्यावर याच्या दुप्पट, २.५५ ज्यूल पडतात आणि कोटिंग उडतं ते मध्यावरच. रिपोर्टमध्ये कुठला आकडा दिलाय ते लिहाच. कोणी अर्ध्या उंचीवरचा (तीव्रता निम्मी होते तिथला) व्यास बिनधास्त याच सूत्रात घातला, तर उत्तर आणखी २.९ पट फुगतं.

बीम प्रोफायलरचा (स्पॉट मोजणारा) कॅमेरा सॅच्युरेट झाला, म्हणजे प्रकाश त्याच्या मर्यादेबाहेर गेला, तर उलटं होतं : शिखर कापलं जातं, स्पॉट मोठा दिसतो, थ्रेशोल्ड कमी निघतो.

बीममधून थोडा प्रकाश मीटरकडे वळवणारी काच ‘एका पृष्ठभागावरून चार टक्के परावर्तित करते’ हे पाठांतर साधारण काटकोनी पडणाऱ्या किरणापुरतंच खरं. काच ४५ अंशांत असेल तर ध्रुवीकरणानुसार (प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशेनुसार) हेच प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास किंवा १ टक्क्याहून कमी असतं! दोन मीटर लावून गुणोत्तर प्रत्यक्ष मोजा.

पल्स १० नॅनोसेकंदांची, पण स्कोपवर (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लांबलचक शेपूट? फोटोडायोड (प्रकाशाचा विद्युत सिग्नल करणारा भाग) बदलायला धावू नका. बहुतेकदा स्कोपचा इनपुट १ मेगाओहमवर राहिलेला असतो. तो ५० ओहमवर आणा. शिवाय १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचाच राइज टाइम (सिग्नल वर चढायला लागणारा वेळ) ३.५ नॅनोसेकंद असतो.

ठिणगी दिसली म्हणजे डॅमेज झालं, असंही नाही. कधी नुसती धूळ जळते. आयएसओ २१२५४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पृष्ठभागात किंवा आतल्या भागात कायमचा बदल दिसायला हवा. त्यामुळे नोमार्स्की (पृष्ठभागाचे बारीक चढउतार दाखवणाऱ्या) मायक्रोस्कोपखाली प्रत्येक जागा शॉटच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बघा.

सगळं जुळतंय असं वाटलं तरी एक ताळा जरूर करा. सिलिकॉनच्या तुकड्यावर वेगवेगळ्या ऊर्जेचे शॉट मारा, खड्ड्यांच्या व्यासाचा वर्ग आणि ऊर्जेचा नैसर्गिक लॉग यांचा आलेख काढा. सरळ रेषेच्या उतारातून स्पॉटची त्रिज्या मिळते. ती कॅमेऱ्याच्या आकड्याशी जुळली नाही, तर लेन्सपासून कॅमेरा आणि नमुना एकाच अंतरावर आहेत का, ते सगळ्यात आधी तपासा.