मंदीत विमान कंपनीचे आकडे कसे वाचावेत

मंदी आली की 'विमानं तर भरून चालली आहेत, मग तोटा कसला?' असा प्रश्न हमखास येतो. भरलेल्या सीटच्या टक्केवारीला, म्हणजे लोड फॅक्टरला, सगळा अर्थ चिकटवल्यामुळे ही फसगत होते.

सुरुवात दोन आकड्यांपासून करा. उपलब्ध सीट गुणिले किलोमीटर म्हणजे एएसके, हा पुरवठा. पैसे भरून बसलेले प्रवासी गुणिले किलोमीटर म्हणजे आरपीके, ही मागणी. प्रवासीसंख्या आणि लोड फॅक्टर डीजीसीएच्या (देशातल्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या) मासिक अहवालात मिळतात. एएसके, आरपीके आणि यील्ड (प्रवाशामागे दर किलोमीटरची कमाई) इंटरग्लोब एव्हिएशनसारख्या (इंडिगो चालवणारी कंपनी) शेअर बाजारात सूचिबद्ध कंपनीच्या तिमाही निकालात. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. मे आणि जुलै शेजारी ठेवलेत, तर पावसाळी मरगळच मंदी वाटेल.

आता एका फेरीचा हिशेब मांडा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. 180 सीटचं विमान, फेरीचा खर्च साडेसहा लाख रुपये. 153 प्रवासी, सरासरी भाडं 5,000: जमा 7 लाख 65 हजार, म्हणजे 1 लाख 15 हजार नफा. मंदीत भाडं 4,000 वर आणलं आणि फेऱ्या कमी केल्यामुळे 158 प्रवासी बसले. लोड फॅक्टर 85 वरून जवळपास 88 टक्के झाला, पण जमा 6 लाख 32 हजार. अठरा हजारांचा तोटा! खर्च भरून निघायला आधी 130 सीट पुरत होत्या, आता 163 लागतात. म्हणून लोड फॅक्टर पाहिला की लगेच यील्ड पाहायचं. कंपन्यांचे दौरे आटले की शेवटच्या क्षणी महाग तिकीट घेणारा प्रवासी आधी जातो. राहतो तो भाडं बघून तारीख ठरवणारा.

पुरवठा मागणीइतक्या झटपट आकसत नाही. कंपनीने भाड्याने घेतलेल्या विमानाचं भाडं डॉलरमध्ये, दरमहा, विमान उडो न उडो. चांगल्या काळात नोंदवलेली विमानं नेमकी मंदीत दारात येतात. गर्दीच्या विमानतळांवर स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरवून मिळालेली वेळ, किमान 80 टक्के वेळा वापरला नाही तर पुढच्या वर्षीच्या त्याच हंगामात हातचा जातो, म्हणून तोट्यातली फेरीही चालू ठेवली जाते. 2009 च्या उन्हाळी हंगामासाठी युरोपीय संघाने हा नियम स्थगित केला तो याचमुळे. कपात साधारण अशी होते: आधी फेऱ्या, मग जमेल तिथे छोटं विमान, मग मार्ग, शेवटी विमान परत करणं. फेऱ्या कमी केल्या की इंधन वाचतं, पण स्थिर खर्च उरलेल्या फेऱ्यांवर पडतो आणि दर सीटचा खर्च चढतो.

इंधन आणि रुपया एकत्रच तपासा. जुलै 2008 मध्ये कच्चं तेल पिंपामागे 147 डॉलरपर्यंत गेलं आणि डिसेंबरात 40 च्या खाली आलं. सुटका झाली असं वाटावं, तर वर्षाच्या सुरुवातीला 40 च्या आत असलेला डॉलर तोवर 50 रुपयांच्या आसपास पोचला होता आणि विमानांचं भाडं तेवढंच महागलं होतं. त्या वर्षी देशांतर्गत प्रवासी 2007 पेक्षा कमी झाले.

मालवाहतुकीचा आकडाही सोडू नका. कारखाने थंडावले की तो आधी कोसळतो. 2009 मध्ये आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या) आकडेवारीनुसार जगात आंतरराष्ट्रीय प्रवासी मागणी 3.5 टक्क्यांनी घटली, तर माल 10.1 टक्क्यांनी.