कॉर्डलेस माईक घेण्याआधी स्पेक्ट्रमचा सरकारी आराखडा असा बघा

मी ठाण्यात नाटकांना साऊंड देतो. एका प्रयोगात दुसऱ्या अंकात नायिकेच्या लेपलमध्ये (कपड्याला लावायच्या छोट्या माईकमध्ये) खरखर सुरू झाली आणि आईच्या निधनाचा अख्खा प्रसंग त्या खरखरीत बुडाला. तेव्हा लक्षात आलं, आपला माईक कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो हे मी कधी बघितलंच नव्हतं.

म्हणून आधी ट्रान्समीटरच्या बॅटरीचं झाकण उघडा. आत नखाएवढ्या स्टिकरवर रेंज छापलेली असते. माझ्या जुन्या सेटवर ६४०–६६४ मेगाहर्ट्झ आहे. तो आकडा वहीत लिहा.

मग राष्ट्रीय फ्रिक्वेन्सी वाटप आराखडा उघडा. आमच्यात त्याला एनएफएपीच म्हणतात. दूरसंचार विभागाकडून तो फुकट मिळतो. जाडजूड आहे, पण सगळा वाचायचा नाही. आपला आकडा शोधायचा. एका रकान्यात आंतरराष्ट्रीय वाटप असतं (जगाच्या तीन विभागांपैकी आपण विभाग ३ मध्ये येतो), दुसऱ्यात भारताचं. इंग्रजी मोठ्या अक्षरांत छापलेली सेवा प्राथमिक, साध्या अक्षरांतली दुय्यम. प्राथमिकचा त्रास झाला तर दुय्यमला तक्रार करता येत नाही. आयएनडी अशी खूण असलेल्या टिपा मात्र अजिबात सोडू नका. देशाची स्वतःची भूमिका त्यांतच लिहिलेली असते.

आता लिलाव बघा. सरकार मोबाइल कंपन्यांना स्पेक्ट्रम, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, लिलावात विकतं. ६०० मेगाहर्ट्झ बँड म्हणजे ६१२–६५२ आणि ६६३–७०३. २०२२च्या लिलावात त्याला एकही बोली आली नाही, २०२४मध्ये तो ठेवलाच नव्हता. विकला गेला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अमेरिकेत २०१७मध्ये जवळपास हाच पट्टा विकला गेला आणि १३ जुलै २०२०पर्यंत माईकवाल्यांना तिथून उठावं लागलं. चांगला सेट आपण आठ-दहा वर्षं वापरतो, त्यामुळे आज स्वस्तात मिळतोय म्हणून या पट्ट्यातला घेऊ नका. २.४ गिगाहर्ट्झचा घेणार असाल तर विकणाऱ्याकडे ईटीए (उपकरणाला सरकारी मंजुरी असल्याचं) प्रमाणपत्र मागा. पण भरल्या नाट्यगृहात शेकडो फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ तिथेच असतं, हे विसरू नका.

शेवटचं काम आपल्यातलं कुणीच करत नाही. लिलावाआधी ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, लोकांची मतं मागवायला चर्चापत्र काढतं. प्रश्नांना क्रमांक असतात, मुदतीची तारीख दिलेली असते, ईमेलने उत्तर पाठवता येतं. त्यानंतर दुसऱ्यांच्या उत्तरांवर प्रत्युत्तर द्यायलाही वेळ मिळतो. सगळ्या प्रश्नांना हात घालू नका, आपल्या कामाचे एक-दोन घ्या आणि कारण द्या. मी दीड पान तयार ठेवलंय: एका संगीत नाटकाला बारा लेपल लागतात, आणि ६५२ ते ६६३ मधली ११ मेगाहर्ट्झची फट मोबाइलला लागत नाही. अमेरिकेने त्यातली ६५३ ते ६६३ माईकसाठी ठेवली. आपल्याकडेही ठेवा.

वाशी, ऐरोली, डोंबिवलीच्या साऊंडवाल्यांनी आपापले आकडे घालून हेच पाठवलं तर फार बरं होईल.