ब्रिटनमध्ये गाडीसाठी खासगी नंबर निवडताना: आधी गाडीचं वय, मग नाव

नावाची प्लेट घ्यायची ठरली की बहुतेक जण कागदावर आधी नाव लिहितात आणि ते कुठल्या नंबरात कोंबता येईल ते शोधत बसतात. हा रस्ता उलटा आहे. आधी गाडी कधीची ते बघा, मग नंबराची शैली ठरवा आणि नावाकडे सगळ्यात शेवटी या. निम्मे पर्याय तिथेच गळतात, आणि तेही पैसे भरायच्या आधी.

१. लॉगबुक काढा

लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या व्ही५सी या नोंदणीपत्रावर, पहिल्या नोंदणीची तारीख असते. नियम एवढाच की नंबरामुळे गाडी आहे त्यापेक्षा नवी वाटता कामा नये. जुनी वाटली तर हरकत नाही. २०१६ च्या गाडीला १९७८ चा नंबर खुशाल लावा, २०२० चा मिळणार नाही. तुमच्या गाडीचा सध्याचा नंबर क्यू या अक्षराने सुरू होत असेल तर विषय इथेच संपला. अशा गाडीला खासगी नंबर लावता येत नाही.

२. शैली ठरवा

सप्टेंबर २००१ पासून चालू असलेली शैली म्हणजे दोन अक्षरं, दोन आकडे आणि तीन अक्षरं. मधले आकडे गाडीचा काळ सांगतात. मार्चपासूनच्या गाड्यांना वर्षाचे शेवटचे दोन आकडे, सप्टेंबरपासूनच्या गाड्यांना त्यात पन्नास मिळवून. म्हणून मार्च २०२१ चा आकडा २१ आणि सप्टेंबर २०२१ चा ७१. या शैलीत निवड भरपूर आहे, पण आकडे बरोबर मध्ये अडकल्यामुळे नाव जुळवणं अवघड जातं.

त्याआधीची, ऑगस्ट १९८३ ते ऑगस्ट २००१ मधली शैली मला नावांसाठी सगळ्यात सोयीची वाटते. सुरुवातीला वर्षाचं एक अक्षर, मग एक ते तीन आकडे, मग तीन अक्षरं. इंग्रजी ४ हा ए सारखा दिसतो, त्यामुळे ‘एस ४ एनजेयू’ म्हणजे सरळ संजू. एस हे अक्षर ऑगस्ट १९९८ पासूनचं, तेव्हा त्यानंतरच्या कुठल्याही गाडीला हा नमुना चालतो. त्या काळात १ ते २० हे आकडे सर्वसाधारण नोंदणीला दिलेच नव्हते. डीव्हीएलए, म्हणजे स्वॉन्सीचं वाहन नोंदणी कार्यालय, १९८९ पासून नंबर विकू लागलं आणि हे राखून ठेवलेले नंबर बाजारात आले. छोट्या आकड्यांच्या प्लेट आज मिळतात त्या यामुळे.

१९६३ ते १९८३ मधली शैली हिच्या उलट आहे: तीन अक्षरं आधी, मग आकडे, वर्षाचं अक्षर शेवटी. उमा, देव, राम, जय अशा इंग्रजीत तीन अक्षरांत बसणाऱ्या नावांना ही उत्तम. आणि आपल्याकडच्या एका अडचणीवरही तिच्यात उपाय आहे. आपली नावं-आडनावं ईकारान्त फार, आणि ब्रिटनच्या मुख्य बेटावरच्या नंबरांत आय हे अक्षर वापरलेलंच नाही. त्याचं काम १ ला करावं लागतं. ‘आरएव्ही १ एस’ असा नमुना घेतला तर रवी आणि पुढे आडनावाचं अक्षर, दोन्ही साधतं. कुलकर्णींनी मात्र नावाचा नाद सोडून आद्याक्षरांवर भागवावं.

वर्षाची खूणच नसलेले नंबर १९६३ पूर्वीचे. नंबरांची पद्धत १ जानेवारी १९०४ ला सुरू झाली तेव्हा लंडनचा ‘ए १’ अर्ल रसेल यांच्याकडे गेला, तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे हे थोरले भाऊ. हे नंबर कुठल्याही वयाच्या गाडीला चालतात, म्हणून महाग. ‘२५ ओ’ हा नंबर २०१४ च्या लिलावात फी धरून पाच लाख पौंडांच्या वर गेला होता.

एवढे पैसे नसतील आणि गाडीचं वय तर झाकायचंय, तर उत्तर आयर्लंडचा नंबर घ्या. तीन अक्षरं आणि चारपर्यंत आकडे, वर्षाचा पत्ता नाही, आणि अक्षरांत आय किंवा झेड हमखास. हेही कुठल्याही गाडीला लागतात आणि पुष्कळ स्वस्त मिळतात. नीलसाठी एनआयएल ही अक्षरं असलेले नंबर आहेत. इंग्रज शेजारी ते ‘शून्य’ असं वाचेल, एवढं फक्त सोसायची तयारी ठेवा.

३. कायद्याच्या मापात लिहून बघा

माझ्या एका पाटील मित्राची गोष्ट. गाडी सप्टेंबर २०२१ ची, म्हणून त्याने ‘पीए ७१ एल’ आणि पुढे बायकोची आद्याक्षरं असा नंबर शोधला. इंग्रजी ७ म्हणजे टी, १ म्हणजे आय. पडद्यावर सलग लिहिलं की पाटील झकास दिसायचं. पण कायद्याने फट ७१ नंतर येते, म्हणजे ‘पाटी’ एकीकडे आणि ‘एल’ दुसरीकडे. गड्याने फट पुढे सरकवून प्लेट करून घेतली आणि पहिल्याच एमओटीत, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीत, गाडी नापास झाली. एमओटीवर सुटला म्हणायचं. अशा प्लेटला १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि नंबर कायमचा काढूनही घेता येतो.

तेव्हा पट्टी घ्या. अक्षराची उंची ७९ मिलिमीटर, रुंदी ५०, दोन अक्षरांमधलं अंतर ११ आणि दोन गटांमधलं ३३. एवढ्या मापाने कागदावर काढा, भिंतीला चिकटवा आणि तुमचं नाव माहीत नसलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. त्याला दोनदा विचार करावा लागला तर तो नंबर घेऊ नका. स्क्रूचं काळं टोपण लावून १ चा टी करायच्या युक्त्याही सोडा, त्यावरही पकडतात.

४. खरेदी आणि कागद

नंबर थेट डीव्हीएलएकडून, त्यांच्या लिलावातून किंवा विक्रेत्यांकडून मिळतो. विक्रेत्याची किंमत बघताना व्हॅट आणि नंबर गाडीवर चढवायची ८० पौंडांची फी त्यात धरलीय का ते विचारा. डीव्हीएलएकडून नंबर घेतला की व्ही७५० प्रमाणपत्र मिळतं, ते दहा वर्षं चालतं. म्हणजे गाडी नंतर घेतली तरी बिघडत नाही. नंबर मात्र तुमच्या मालकीचा होत नाही, तो वापरायचा हक्क तेवढा मिळतो.

प्लेट नोंदणीकृत प्लेटवाल्याकडूनच करून घ्या, तो ओळखपत्र आणि कागद मागेल. पुढची पांढरी, मागची पिवळी, अक्षरं ठळक काळी, उठावाची चालतात. काळ्या पाटीवर रुपेरी अक्षरं हवी असतील तर गाडी १ जानेवारी १९८० पूर्वी बनलेली आणि ऐतिहासिक वर्गात नोंदवलेली लागते.

नंबर गाडीवर चढला की त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. आणि पुढे कधी गाडी विकायची वेळ आली तर आधी ८० पौंड भरून नंबर उतरवून घ्या, कारण तसाच ठेवलात तर तो गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो.