कोणत्याही देशाचा बंदूक-कायदा कसा वाचावा?

“तिकडे बंदूक कुणालाही मिळते” आणि “त्या देशात तर बंदीच आहे” ही दोन्ही वाक्यं आपण सहज बोलून जातो आणि बहुतेक वेळा दोन्ही चुकीची असतात. गप्पांमध्ये त्याने काही बिघडत नाही. पण परदेशी राहायला जाणारा, स्पर्धेसाठी रायफल घेऊन प्रवास करणारा नेमबाज किंवा वडिलांच्या पश्चात कपाटात बंदूक सापडलेली मुलगी यांना असल्या ऐकीव माहितीपायी तुरुंगात जायची वेळ येऊ शकते. हा कायदा वाचायला वकील असावं लागत नाही. प्रश्न मात्र क्रमाने विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: हक्क की परवानगी?

सगळ्यात आधी हेच शोधा, कारण पुढची सगळी कलमं यावर उभी असतात. अमेरिकेत 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. हा हक्क व्यक्तीचा आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये हेलर खटल्यात सांगितलं. त्यामुळे तिथे नकार द्यायचा असेल तर कारण सरकारने दाखवायचं. भारत, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया इथे उलट आहे. शस्त्र ही परवानगीची गोष्ट, आणि ती का हवी हे अर्जदाराने पटवून द्यायचं.

घटनेत हक्क लिहिलेला दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. मेक्सिकोच्या घटनेतही घरात शस्त्र ठेवण्याचा हक्क आहे, पण कायदेशीर विक्री लष्कराच्या हातात आहे.

कायदा कुणी केला आणि कधी?

अमेरिकेत संघराज्याचा कायदा हा फक्त पाया. त्यावर प्रत्येक राज्याचे मजले. ऑस्ट्रेलियात एप्रिल 1996 मध्ये पोर्ट आर्थरला 35 माणसं मारली गेली आणि दोन आठवड्यांच्या आत देशभराचा करार झाला, तरी प्रत्यक्ष कायदे राज्यांचेच आहेत. ब्रिटनने स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर 1997 मध्ये पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आणली. उत्तर आयर्लंडला मात्र ती लागू नाही. म्हणजे “ब्रिटनचा कायदा” असं शोधून वाचलंत तर बेलफास्टबद्दल चुकाल.

तारीख बघायला विसरू नका. न्यूझीलंडमध्ये 15 मार्च 2019 ला ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला आणि एप्रिलमध्येच बहुतेक अर्धस्वयंचलित (दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटून पुढची आपोआप भरणाऱ्या) शस्त्रांवर बंदी आली. महिनाभरापूर्वीची माहिती तेवढ्यात शिळी झाली.

व्याख्या

कंटाळवाणं पान असतं, पण वगळू नका. “शस्त्र” या शब्दात काय येतं ते इथेच ठरतं. भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात, पण लाठी आणि साधी हातातली काठी वगळली आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 1898 किंवा त्याआधी बनलेली बंदूक सहसा ‘फायरआर्म’, म्हणजे कायद्याच्या भाषेतली बंदूक, ठरतच नाही. उलट नुसता सांगाडा, ज्यातून एकही गोळी सुटू शकत नाही, तो मात्र बंदूक धरला जातो. भिंतीवर टांगलेली जुनी ठासणीची बंदूक शोभेची वस्तू आहे की गुन्हा, याचं उत्तर या पानावर मिळतं.

कारण आणि अर्जदाराची पारख

आता “मला बंदूक हवी” या वाक्यापुढे कायदा काय विचारतो ते पाहा. ऑस्ट्रेलियात शिकार, नेमबाजी, शेतीतल्या उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त ही कारणं चालतात. स्वसंरक्षण हे कारण चालत नाही. भारतात जिवाला धोका हे कारण सांगता येतं, पोलिसांचा अहवाल मागवला जातो आणि सर्वसाधारण वयोमर्यादा 21 आहे. जर्मनीत पहिल्यांदा शस्त्र घेणारा 25 वर्षांखालचा असेल तर साधारणपणे मानसिक योग्यतेचा दाखला लागतो. कॅनडात अर्जामध्ये जोडीदाराबद्दल विचारतात, गेल्या दोन वर्षांत वेगळ्या झालेल्या जोडीदाराबद्दलही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. घरातल्या रागाची माहिती पोलीस ठाण्याआधी घरातल्या माणसाला असते.

अमेरिकेत परवानाधारक दुकानदाराकडून घेताना 4473 क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. त्यात एक प्रश्न असतो: ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का? मित्राच्या पैशाने, त्याच्या वतीने घेत असताना तिथे “हो” लिहिणं हा गुन्हा आहे, मित्र कितीही सज्जन असला तरी.

परवाना माणसाचा की बंदुकीचा?

इथे जपानजवळ जरा थांबू या, कारण कायदा कागदावरून घरात कसा शिरतो ते तिथे दिसतं. आधी वर्ग आणि लेखी परीक्षा, मग मैदानावर प्रत्यक्ष चाचणी, डॉक्टरांचा दाखला आणि पोलिसांची चौकशी. एवढं होऊन परवाना मिळतो तो त्या एका बंदुकीचा. दुसरी हवी तर तिचा वेगळा. बंदूक कुलूपबंद कपाटात, काडतुसं वेगळ्या ठिकाणी. किती काडतुसं आणली, किती उडवली, किती उरली याची नोंद ठेवायची. पोलीस वर्षातून एकदा बंदूक मागवून तपासतात. सामान्य माणसाला मिळते ती बहुधा शॉटगन, म्हणजे छर्‍यांची बंदूक. रायफलसाठी साधारण दहा वर्षं शॉटगन सांभाळलेली असावी लागते. म्हणजे जपानमध्ये “बंदी” नाही. तिथे जबाबदारी रोज सांभाळावी लागते आणि ती तपासली जाते.

कोणताही कायदा वाचताना काडतुसं आणि साठवण यांवरची कलमं अशीच बारकाईने वाचा. ब्रिटनमध्ये पोलीस घरी येऊन कपाट पाहतात आणि चावी कुठे असते हेही विचारतात. बायकोला चावी ठाऊक असणंसुद्धा अडचणीचं ठरू शकतं, कारण परवाना तिच्या नावावर नसतो. स्वित्झर्लंडमध्ये सैनिक बंदूक घरी ठेवतात हे उदाहरण सगळे देतात, पण घरी काडतुसंही ठेवायची पद्धत तिथे 2007 च्या निर्णयानंतर बहुतेक सैनिकांसाठी बंद झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं.

परवानाधारक गेल्यावर

बहुतेकांचा या कायद्याशी पहिला संबंध येतो तो असा, घरातलं माणूस गेल्यावर. आधी बंदुकीला हात लावू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. परवाना मृत व्यक्तीच्या नावावर असतो, कुटुंबाच्या नाही. भारतात असं शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मग वारस आपल्या नावाने परवान्यासाठी अर्ज करू शकतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणून वारशाची भर पडण्याआधी हिशेब करा. जर्मनीत वारसा स्वीकारल्यापासून महिनाभरात अर्ज करायचा असतो, आणि वारसाला बंदुकीची स्वतंत्र गरज नसेल तर नळीत अडथळा बसवून ती निकामी ठेवावी लागते.

प्रवासाआधी

शस्त्र घेऊन जाणार असाल तर निघण्याचा, पोचण्याचा आणि मधे विमान बदलण्याचा, अशा तिन्ही देशांची लेखी परवानगी हवी. तोंडी उत्तरावर विसंबू नका. शस्त्र नेणार नसाल तरीही, नेमबाजीच्या मैदानावर कधीकाळी नेलेली बॅग विमानप्रवासाला घेऊ नका. तीच न्यायची असेल तर ती उलटी करून झटका, प्रत्येक कप्प्यात आणि अस्तराच्या शिवणीत बोटं घालून बघा. विसरलेलं एक काडतूस विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रात स्पष्ट दिसतं आणि ते अनवधानाने राहिलं हे पुढे न्यायालयात सांगत बसावं लागतं.