लघुग्रहाच्या कक्षेतली अनिश्चितता मोजताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त फसगत रेसिड्युअल करतात, म्हणजे लघुग्रहाची मोजलेली जागा आणि कक्षेवरून काढलेली जागा यांतले फरक. लागोपाठच्या दोन रात्रींची निरीक्षणं फाइंड-ऑर्ब या कक्षा काढणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकली, आरएमएस (या फरकांची एक प्रकारची सरासरी) 0.2 आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) आला, की कक्षा पक्की झाली असं वाटतं. पण निरीक्षणांनी व्यापलेल्या कक्षेच्या एवढ्याशा तुकड्यावर, म्हणजे कमानीवर, अगदी वेगवेगळ्या कक्षा तितक्याच छान बसतात. म्हणून आधी निरीक्षणं किती दिवसांवर पसरली आहेत ते बघा, मग लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरचा 0 ते 9 मधला यू, म्हणजे अनिश्चिततेचा, आकडा. 0 म्हणजे कक्षा भक्कम, 9 म्हणजे भरवसा नाही.

दुसरी चूक गणितातली आहे आणि जास्त महागात पडते. अर्धदीर्घ अक्ष (कक्षेच्या लांबीचा अर्धा भाग), उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे ते) वगैरे प्रत्येक घटकाची ± चूक सुटी धरून क्लोन कक्षा, म्हणजे चुकीच्या मर्यादेतल्या संभाव्य कक्षा, तयार केल्या जातात. या चुका एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्या सुट्या धरल्या तर निम्म्याहून जास्त क्लोन मूळ निरीक्षणांशीच जुळेनासे होऊ शकतात. पूर्ण कोव्हेरियन्स मॅट्रिक्स, म्हणजे या चुका एकमेकींत किती गुंतल्या आहेत ते सांगणारा तक्ता, वापरा. मग दिसेल की अनिश्चितता गोल नसते, कक्षेच्या दिशेने लांबच लांब ताणलेली असते. पृथ्वीजवळ लघुग्रहाचा वेग सेकंदाला 30 किमी धरा. आवर्तनकाळ एका मिनिटाने चुकला तर एका फेरीत 1,800 किमी, दहा फेऱ्यांत 18,000 किमी फरक पडतो.

टक्कर होण्याची शक्यता वाढली म्हणजे आधीचं गणित चुकलं, हाही गैरसमज. 2024 वायआर4 हा लघुग्रह डिसेंबर 2024 मध्ये चिलीतल्या अ‍ॅटलस दुर्बिणीला सापडला. पृथ्वीशी 22 डिसेंबर 2032 च्या टकरीची शक्यता 18 फेब्रुवारी 2025 ला 3.1 टक्क्यांवर गेली आणि आठवड्याभरात 0.01 टक्क्याखाली आली. अनिश्चिततेचा पट्टा आखडत होता, पृथ्वी मात्र अजून त्यातच होती, म्हणून तिचा वाटा वाढत गेला. ती पट्ट्याबाहेर पडताच आकडा कोसळला. दोन्ही आकडे आपापल्या दिवशी बरोबरच होते.

रेसिड्युअल लघुग्रहाच्या चालीच्या दिशेने एकाच बाजूला झुकत असतील तर आधी घड्याळ तपासा. मिनिटाला 10 आर्कसेकंद सरकणाऱ्या वस्तूत तीन सेकंदांची चूक अर्ध्या आर्कसेकंदाची होते. एका रात्रीच्या चारही फोटोंत ती सारखीच येते, त्यामुळे त्यांना चार स्वतंत्र निरीक्षणांचं वजन देऊ नका. ताऱ्यांचा कॅटलॉग जुना असेल तर गाया या अवकाश दुर्बिणीचा कॅटलॉग वापरून मोजमाप पुन्हा करा.

शंभर वर्षांपुढचं भाकीत करायचं असेल तर निव्वळ गुरुत्वाकर्षण पुरत नाही. तापलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या धक्क्याने, म्हणजे यार्कोव्हस्की परिणामाने, बेन्नू या लघुग्रहाचा अर्धदीर्घ अक्ष वर्षाला सुमारे 284 मीटरने घटतो.

आणि नव्या निरीक्षणांची वाट बघत बसण्याआधी जुने फोटो धुंडाळा. डिसेंबर 2004 मध्ये अपोफिस या लघुग्रहाची 2029 सालच्या टकरीची शक्यता 2.7 टक्क्यांवर पोचली होती. त्याच वर्षीच्या मार्चमधल्या फोटोंत तो सापडला, कमान तीन महिन्यांनी लांबली आणि 2029 ची टक्कर बाद झाली.